हार्टच्या पेशंटला अंगदुखीची गोळी: सोलापूरकरांनो, तुमच्याकडे काय करतात?

सुईदोरा:
आईचं वय ६८. उभा जन्म मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात गेला, त्यामुळे गुडघे आणि कंबर दोन्ही कामातून गेलेत. मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. बीपीची, कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ ठेवायची अशा गोळ्या रोज चालू आहेत.

परवा गुडघा सुजला म्हणून हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ लिहून दिली. हार्टची फाईल पिशवीतच राहिली, ती कोणी मागितली नाही. घरी येऊन पाकिटातला कागद वाचला, तर हृदयविकार असलेल्यांनी घेऊ नये असं त्यात लिहिलंय. गोळी अजून सुरू केलेली नाही. पण आई रात्री कूस बदलताना कण्हते, ते ऐकवत नाही.

धोका खरोखर किती असतो? सगळ्याच पेनकिलरना असतो का? आणि मुख्य म्हणजे, ही नको तर दुखण्याला द्यायचं काय? पेनकिलर वाईट हे सगळेच सांगतात, पुढचं कोणी सांगत नाही.

कडकभाकरी:
आमच्या वडिलांनी कापडाच्या मागावर असताना कित्येक वर्षं ह्याच गोळ्या खाल्ल्या, काही झालं नाही. कागदावर काय, सगळंच लिहिलेलं असतं. द्या गोळी. म्हातारं माणूस कण्हत ठेवण्यापेक्षा ते बरं.

नवीपेठी:
कडकभाकरी +१. तो कागद वाचत बसलं तर तापाची गोळीसुद्धा घशाखाली उतरायची नाही.

डॉक्टर_४१३००१:
सुईदोराताई, विचारल्याशिवाय सुरू केली नाहीत ते चांगलं झालं. मी फिजिशियन आहे. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे कोणती गोळी किती हे इथे सांगणार नाही. पण विषय रोजच्या ओपीडीतला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिब, निमेसुलाइड ही सगळी एकाच कुळातली औषधं. दुखणं आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कॉक्स नावाच्या एन्झाइममुळे तयार होतात. ही औषधं ते एन्झाइम अडवतात, म्हणून आराम पडतो. पण त्याच कॉक्समुळे रक्तवाहिनीच्या अस्तरात प्रोस्टासायक्लिनही बनतं. ते वाहिनी सैल ठेवतं आणि गुठळी होऊ देत नाही. प्लेटलेटमधून, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांमधून, निघणारं थ्रॉम्बॉक्झेन नेमकं उलटं काम करतं. हा तराजू सारखा आहे तोवर ठीक. कॉक्सचा कॉक्स-२ हा प्रकार जोरात अडवला की प्रोस्टासायक्लिनचं पारडं वर जातं आणि गुठळीची बाजू जड होते. शिवाय मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवतं, पायाला सूज येते, बीपी चढतं आणि बीपीच्या गोळ्या पुरेशा लागू पडत नाहीत.

आता किती. २०१३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात शेकडो चाचण्यांची माहिती एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. डायक्लोफिनॅक दिवसाला १५० मिलिग्रॅम किंवा एटोरिकॉक्सिबसारखी कॉक्सिब गटातली औषधं वर्षभर घेणाऱ्या दर हजार माणसांमागे हार्ट अटॅक, स्ट्रोक यांसारख्या मोठ्या घटना सुमारे तीनने वाढल्या, त्यातली एक जीवघेणी. आयबुप्रोफेनच्या २४०० मिलिग्रॅम या मोठ्या डोसला हार्ट अटॅकचा धोका वाढला. नॅप्रोक्सेनला तो वाढलेला दिसला नाही. मात्र हार्ट फेल्युअरने, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडल्याने, दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाण सगळ्यांतच साधारण दुप्पट झालं, आणि पोटातला रक्तस्रावही सगळ्यांतच वाढला.

हजारात तीन हा आकडा सरासरीचा आहे. ज्याचा मूळ धोकाच जास्त, त्याची वाढही जास्त. स्टेंट असलेल्या ६८ वर्षांच्या बाईला तो आकडा लावता येत नाही. म्हणूनच युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये हृदयाच्या धमन्यांचा आजार, हार्ट फेल्युअर किंवा पूर्वी स्ट्रोक असलेल्यांना डायक्लोफिनॅक देऊ नये असं ठरवलं. पुढच्या वर्षी अ‍ॅसिक्लोफिनॅकलाही तोच नियम लागू केला, कारण शरीरात गेल्यावर त्याच्यातून थोडं डायक्लोफिनॅक तयार होतंच. तुमच्या पाकिटातल्या कागदावर आलंय ते तेच.

पूर्वभागकर:
डॉक्टर, इतकं स्वच्छ मराठीत पहिल्यांदा वाचलं. प्रिंट काढून आमच्या सोसायटीच्या बोर्डावर लावू का?

डॉक्टर_४१३००१:
लावा. फक्त एक ओळ ठळक लिहा: रक्त पातळ ठेवायची गोळी कोणीही मनाने बंद करायची नाही. अ‍ॅस्पिरिन याच कुळातलं हे वाचून लोक तीच सोडतात. ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधलं थ्रॉम्बॉक्झेन बंद पाडते, म्हणून ती हार्टला राखते. स्टेंटवाल्याने ती अचानक सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

औषधवाला_बाळीवेस:
माझं मेडिकल आहे, तेव्हा काउंटरच्या आतून काय दिसतं ते सांगतो. दिवसात कितीतरी माणसं येतात आणि गोळीचं नाव घेतच नाहीत. 'अंगदुखीची द्या', 'ती परवा दिलेली द्या', 'दोन रुपयावाली नको, कडक द्या'. पट्टी कापून दोन-चार गोळ्या हातावर घ्यायच्या आणि तिथेच पाणी मागून एक तोंडात टाकायची. कापलेल्या तुकड्यावर नाव राहत नाही, तारीखही राहत नाही. मग हेच माणूस संध्याकाळी दवाखान्यात गेलं आणि डॉक्टरांनी काय घेतलंत विचारलं, की 'पांढरी गोळी'.

डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक ही शेड्यूल एच मधली औषधं, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. पट्टीवर लाल रेघ असते ती त्यासाठीच. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हे रोजचं आहे. तरी मी विचारतो. आणि चिठ्ठीबरोबर आणखी एक विचारतो: बीपीची किंवा हार्टची गोळी चालू आहे का? हो म्हटलं तर गोळी द्यायच्या आधी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन लावतो. काहींना राग येतो, येऊ दे.

विडीघरकुल:
सुईदोरा, तुझी आई ती माझी आई समज. इथे घरोघरी हेच आहे गं. दिवसाला हजार विड्या पुऱ्या करायच्या तर बाई उठते कधी? मान खाली, पाठ वाकलेली, बोटं चालू. विडी कारखान्याच्या ब्रँचला विड्या देऊन येताना गोळी घेऊन यायची हा बायकांचा नेमच झालाय.

गोळीपेक्षा सुईचं वेड मोठं. दुखतंय म्हटलं की 'सुई मारा'. कमरेत सुई घेतली की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी परत रांगेत. आमच्या शेजारच्या अक्कांना बीपी होतं, तरी सुया चालू होत्या. पायाला सूज आली, जिना चढताना दम लागायला लागला, शेवटी सिव्हिलला नेलं. तिथे सुया बंद केल्या, लघवी होण्याची औषधं दिली, तेव्हा सूज उतरली. त्या सुईत काय होतं हे अक्कांना आजही माहीत नाही. कोणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

माळढोक:
सुईत बहुतेक डायक्लोफिनॅकच असणार. याच औषधाने आपल्याकडची गिधाडं संपवली, हे किती जणांना माहीत आहे?

नवीपेठी:
माळढोकभाऊ, कुठलाही धागा असो, तुम्ही तो नान्नजच्या पक्षी-अभयारण्याच्या माळावर नेऊन सोडताच! पण सांगा, ऐकायला आवडेल.

माळढोक:
सांगतोच. जनावराला ताप आला, पाय सुजला की डायक्लोफिनॅकची सुई देत. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत आणि ती काही दिवसांत मरत. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तोवर फार उशीर झाला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जायच्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची सुई ३ मिलिलीटरच्या एकाच डोसात विकायचं बंधन आलं. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनचा जनावरांसाठी वापरही बंद झाला.

गिधाडाला जे बाधतं ते माणसाला तसंच बाधतं असं मी म्हणत नाही. पण एखादं औषध साधं वाटतं म्हणून वर्षानुवर्षं कोणी बघतच नाही, हे दोन्हीकडे सारखं आहे.

कडकभाकरी:
गिधाडांबद्दल वाईट वाटलं. पण डॉक्टर, माझं खरं दुखणं वेगळं आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बारा तासांची पाळी असते. टॉवेलचा माग उभ्याने चालवावा लागतो, तुटलेला धागा वाकून जोडावा लागतो. बसलं की माग थांबतो, माग थांबला की पगार कापला जातो. त्या माणसाला तुम्ही 'गोळी खाऊ नको, आराम कर' म्हणणार. आराम कोणाच्या जिवावर करायचा? हजारात तीनचा धोका त्याला परवडतो, खाडा परवडत नाही.

पूर्वभागकर:
हे मात्र शंभर टक्के खरं आहे. आमच्या पिढ्या मागावर गेल्या.

डॉक्टर_४१३००१:
कडकभाकरी, तुमचा मुद्दा मनापासून पटतो, आणि त्याला 'आराम करा' हे उत्तर होऊच शकत नाही. म्हणून नीट सांगतो.

तिशीतला धडधाकट कामगार पाठ भरून आली म्हणून जेवणानंतर दोन-तीन दिवस आयबुप्रोफेन घेतो, त्याने मी त्याला घाबरवणार नाही. त्याचा मूळ धोकाच कमी आहे. चिंता आहे ती रोज, महिनोन्महिने खाणाऱ्याची आणि पन्नाशीनंतर बीपी किंवा शुगर असून ते कधी तपासलंच नाही अशा माणसाची. मागावर असे पुष्कळ आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच, की गोळीची सवय लागली असेल तर आधी बीपी मोजून घ्या. तंबाखू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

थोडे दिवस घेतली तर काहीच होत नाही, हा समज मात्र सोडायला हवा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने २०१५ मध्ये इशारा कडक करताना स्पष्ट म्हटलं की हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकचा धोका पहिल्या काही आठवड्यांतच वाढू शकतो, आणि डोस व दिवस वाढले की तोही वाढतो. एकदा अटॅक येऊन गेलेल्यांवर डेन्मार्कमध्ये मोठा अभ्यास झाला. त्यात डायक्लोफिनॅकचा धोका अगदी सुरुवातीच्या दिवसांपासून दिसला.

ह्यूस्टनकर_सोलापुरी:
जन्म साखर पेठेतला, आता अमेरिकेत. इथे आयबुप्रोफेन किराणा दुकानातसुद्धा मिळतं, पण डब्यावर हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा इशारा छापलेला असतो. त्यामागे रोफेकॉक्सिबचं प्रकरण आहे. १९९९ मध्ये ते बाजारात आलं, पोटाला सौम्य म्हणून फार खपलं. मोठ्या आतड्यातल्या गाठींसाठी त्याचा उपयोग होतो का हे बघायला एक चाचणी चालू होती. तिच्यात दीड वर्षानंतर हार्ट अटॅक आणि स्ट्रोक जवळजवळ दुप्पट दिसले आणि सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. भारतातही त्याच डिसेंबरमध्ये बंदी आली. त्यानंतर या कुळातल्या सगळ्याच औषधांकडे लोक हार्टच्या नजरेने बघायला लागले.

अ‍ॅस्पिरिन चालू असणाऱ्यांसाठी आणखी एक. आयबुप्रोफेन आधी घेतलं तर ते प्लेटलेटवरची अ‍ॅस्पिरिनची जागा अडवून बसतं आणि अ‍ॅस्पिरिनचा उपयोग कमी होतो. वेळेचं अंतर किती ठेवायचं ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

निर्गुंडी:
एवढ्या चर्चेत निर्गुंडीच्या तेलाचं नाव नाही? रात्री तेल चोळून गरम शेक द्या. माझ्या सासूबाईंना फरक पडतो.

विडीघरकुल:
तेल-शेक चांगलंच. पण गावोगावी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका गं बायांनो. एका पुडीत दुखणं थांबतं म्हणजे आत काय असेल देव जाणे.

डॉक्टर_४१३००१:
विडीघरकुलताईंना अनुमोदन. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड किंवा हीच पेनकिलर कुटून घातलेली सापडते. चेहरा सुजतो, शुगर चढते आणि हाडं पोकळ होतात ती वेगळीच.

दिंडीकर:
आषाढीला गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून पंढरपूरला जाते, तेव्हा आम्ही पोरं औषधाची पेटी घेऊन सेवेला असतो. वारकरी पाय दाखवतात, आम्ही गोळी देतो. सत्तरीच्या माउली, घामाने भिजलेल्या, सकाळपासून पाणी कमी प्यायलेल्या. आता विचार करतोय, पेटीत काय ठेवायचं?

डॉक्टर_४१३००१:
दिंडीकर, विचारलंत ते फार बरं केलंत. अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यात बीपीसाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी, सोबत लघवीची गोळी, आणि वर ही पेनकिलर. हे तीन एकत्र आले की मूत्रपिंड एकदम बसू शकतं. आपल्याकडे उन्हाळ्यात ४३-४४ अंशांतही हेच होतं. पेटीत पॅरासिटामॉल, ओआरएस, चोळायचा जेल आणि क्रेप बँडेज ठेवा. बीपी मोजायचं मशीन कोणी दान दिलं तर सोन्याहून पिवळं. आणि ताप असलेल्या माणसाला तर ही पेनकिलर नकोच. डेंगी असेल तर रक्तस्राव वाढतो.

फिजिओ_जुळे_सोलापूर:
सुईदोराताईंचा तिसरा प्रश्न मागेच राहिला, मी त्यावर लिहिते.

गुडघ्याच्या झिजेत सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे मांडीचे स्नायू बळकट करणं. घरात सोलापुरी टॉवेल असेलच. त्याची घट्ट गुंडाळी करा, मनगटाएवढी जाड. आईंना पाय लांब करून पलंगावर बसवा, पाठीला उशी द्या, गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा. आता गुडघ्याने टॉवेल खाली दाबायला सांगा, पायाची बोटं स्वतःकडे ओढून. मांडीवर तुमचा हात ठेवा, स्नायू दगडासारखा लागला पाहिजे. पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं. श्वास धरायचा नाही, मोठ्याने आकडे म्हणायला लावले की श्वास आपोआप चालू राहतो. दहा वेळा झालं की दुसरा पाय. सकाळ-संध्याकाळ. गुडघा लाल-गरम असेल तेव्हा थांबा, आधी थंड शेक.

चालताना काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण त्याच बाजूला धरतात, तिथे तिचा उपयोग कमी. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं बंद, कमोडची खुर्ची आणा, भाकरी ओट्याशी उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून करू दे. वजन जास्त असेल तर कमी करा. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

नवीपेठी:
काठी विरुद्ध हातात! आमच्या आजोबांना आत्ताच जाऊन सांगतो.

सुईदोरा:
सगळ्यांचे खूप आभार. काल हार्टच्या डॉक्टरांकडे दोन्ही फायली घेऊन गेले. त्यांनी अ‍ॅसिक्लोफिनॅकवर काट मारली. पॅरासिटामॉल लिहून दिलं, दिवसाची कमाल मर्यादा चिठ्ठीवर आकड्यात लिहिली आणि डायक्लोफिनॅकचा जेल दिला. जेल चालतो का म्हणून मी दोनदा विचारलं. चोळल्यावर रक्तात फार थोडं जातं, गोळीच्या सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणाले. जखमेवर लावायचा नाही आणि लावून वर गरम शेक द्यायचा नाही. टॉवेलचा व्यायामही त्यांना पसंत पडला. आई आकडे तेलुगूत मोजते, नातवंडांना फार मजा येते.

पण पॅरासिटामॉलने म्हणावा तसा आराम नाही. खोटं कशाला सांगू.

डॉक्टर_४१३००१:
बरोबर आहे. गुडघ्याच्या झिजेवर पॅरासिटामॉल फिकंच पडतं. आणि तेही अगदी निर्धोक नाही. एडिनबरोच्या २०२२ मधल्या अभ्यासात बीपीच्या पेशंटना रोज ४ ग्रॅम दिल्यावर वरचं बीपी सुमारे ५ ने वाढलं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियमही असतं, त्या टाळा. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा. जेल आणि व्यायामाला दीड-दोन महिने द्या. तरी भागलं नाही तर गुडघ्यात इंजेक्शन, ड्युलोक्सेटिनसारखं औषध, पुढे सांधेबदल हे मार्ग आहेत. कधी अगदीच गरज पडली, तर या कुळातली एखादी गोळी कमीत कमी डोस, मोजके दिवस, पोट सांभाळणाऱ्या औषधासोबत आणि बीपीवर लक्ष ठेवून देतातही. पण तो निर्णय हार्टच्या आणि हाडाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून घ्यायचा.

कडकभाकरी:
वडिलांचं बीपी आज मोजलं, १६८/९६ निघालं. कधी तपासलंच नव्हतं. त्यांची गोळी एटोरिकॉक्सिबची आहे. डॉक्टर, याचं काय?

डॉक्टर_४१३००१:
ती आजच थांबवा. बीपी १४०/९० च्या वर राहत असेल तर एटोरिकॉक्सिब देतच नाहीत. उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन जा. बीपी, शुगर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि ईसीजी एवढं करून घ्या. पट्टी सोबत न्या. छातीत दडपण, दम लागणं, एका बाजूचा हात-पाय जड पडणं यातलं काही आजच झालं तर उद्याची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

औषधवाला_बाळीवेस:
कडकभाकरी, पट्टी कापलेली असेल आणि नाव दिसत नसेल तर दुकानात आणा. गोळी बघून सांगतो, रात्री दहापर्यंत आहे.